आई स्वर्गात आहे, मग लेक का रडते?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही फोंड्याच्या, मडगावला शाळेत शिकवता. तुमच्यासोबत शिकवणाऱ्या कॅथलिक मैत्रिणीची आई तीन आठवड्यांपूर्वी वारली. वय ८१, शेवटची दोन वर्षं अंथरुणावर. तुम्ही मयताला गेलात, मैत्रिणीला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "रडू नकोस गं. सुटली बिचारी. आता ती स्वर्गात आहे." ती तुमच्याकडे नुसती बघत राहिली आणि दुसरीकडे वळली. तेव्हापासून शाळेत जेवढ्यास तेवढं बोलते. तुम्ही विचारलंय, या लोकांची स्वर्गावर एवढी श्रद्धा, मग माणूस गेल्यावर इतकं का रडतात? आणि माझं काय चुकलं?

पहिला प्रश्न धर्माचा वाटतो, पण तुम्हाला टोचतोय तो दुसरा. मी पहिल्याचं उत्तर जरा लांबण लावून देणार आहे, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

मी कॅथलिक धर्मगुरू. मूळ वसईचा, घरात बोली मराठीच. गेली २६ वर्षं गोव्यात आहे, त्यातली बरीचशी सासष्टीतल्या गावांत. आमच्या गावांतली पोरं परदेशी आणि म्हातारी माणसं घरी, त्यामुळे बाप्तिस्म्यांपेक्षा मयतंच जास्त करावी लागतात. मी जे सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि त्या घरांच्या ओसरीवर बसून कळलेलं जास्त आहे.

आधी एक कबूल करतो. तुमची मैत्रीण त्या क्षणी का वळली हे मी इथून ठामपणे सांगू शकत नाही. ८१ वर्षांची आई जाणं वेगळं आणि नऊ वर्षांचं लेकरू जाणं वेगळं. वर्षभर दुखण्यात खितपत पडून गेलेला माणूस आणि सकाळी स्कूटरवर मासळी आणायला गेलेला, परत न आलेला माणूस, यांच्या घरातला शोक एकसारखा नसतो. आईशी पटत होतं की नव्हतं, शेवटचं बोलणं काय झालं, घरात आता कोण उरलंय, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. ख्रिस्ती लोकांतही सगळे एका साच्यातले नाहीत. जे स्वतःला बिलिव्हर म्हणवतात त्यांच्या अंत्यविधीत गाणी जास्त, टाळ्याही असतात. आमच्या कॅथलिक घरांत मृतांसाठी प्रार्थना महिनोन् महिने चालते. आणि काही माणसं खरोखर रडत नाहीत. म्हणून ती जास्त श्रद्धावान ठरत नाहीत, की कमी प्रेमळ ठरत नाहीत.

आता मुद्द्याकडे येतो. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मेलेला माणूस बरा आहे हे ठाऊक असलं की रडायचं कारण उरत नाही. ही अपेक्षा फक्त आमच्याकडूनच का? तुमच्या घरी गीता वाचली जाते. आत्मा मरत नाही, जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसा तो देह बदलतो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. तरी दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरातल्यांच्या जिवात जीव नसतो. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो प्रसंग नामदेवांनी अभंगांत सांगितला आहे. तिथं जमलेल्यांपेक्षा मोठे ज्ञानी आणायचे कुठून? ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिलं त्या निवृत्तीनाथांनाही शोक आवरत नाही. त्यांचं तत्त्वज्ञान कच्चं होतं असं आपण कुणी म्हणत नाही. शाळेत ते अभंग शिकताना आमचे मास्तरही मधेच थांबले होते.

तरीही आमच्या श्रद्धेत आणि तुमच्या त्या वाक्यात एक खरा फरक आहे, तो सांगितला पाहिजे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे "आत्मा उडून स्वर्गात गेला, देह काय, रिकामं खोकं." आम्ही दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, उभं राहून जो विश्वास बोलतो, त्याच्या शेवटी मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असं म्हणतो. पुनरुत्थान म्हणजे देहासकट सबंध माणूस. आमच्या मते देह हे वस्त्र नाही. ज्या हातांनी तिने पोरांना न्हाऊ घातलं ते हात म्हणजे तीच. म्हणून मयताच्या मिस्सेत आम्ही पेटीवर पवित्र पाणी शिंपडतो, तिला धूप दाखवतो. खोक्याला कुणी धूप दाखवत नाही. म्हणून शतकानुशतकं पुरायचीच पद्धत होती. दहनाला रोमची परवानगी मिळाली ती १९६३ साली, आणि आजही राख उधळायची नाही, जपून ठेवायची असा नियम आहे.

मग बघा, मरण आमच्यासाठी काय ठरतं? जोडलेलं तोडणं. ते चांगलं आहे असं आमचं शास्त्र म्हणत नाही. आमच्या बायबलमधल्या ज्ञानग्रंथात स्पष्ट आहे की देवाने मृत्यू निर्माण केलेला नाही. येशूचा प्रेषित पौल तर त्याला शत्रू म्हणतो, सगळ्यांत शेवटी नाहीसा होणारा शत्रू. हा शत्रू हरणार अशी आमची आशा आहे, पण अजून तो हरलेला दिसत नाही. दर आठवड्याला सिमितेरीत, म्हणजे दफनभूमीत, मी त्याचं काम बघतो. आशा पुढची आहे आणि मार आत्ताचा आहे. मार बसल्यावर माणूस रडतो.

हे सगळं ज्या एका गोष्टीत आहे, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. बेथानी गावी लाजर नावाचा येशूचा मित्र आजारी पडतो. त्याच्या दोन बहिणी, मार्था आणि मरिया. निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच राहतो आणि पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेवरच गाठते आणि म्हणते, "प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता." येशू तिला उत्तर देतो, बोलतो, समजावतो. "पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे" हे वाक्य तो तिला सांगतो. आमच्या अर्ध्याअधिक थडग्यांवर ते कोरलेलं असतं. मग धाकटी मरिया येते, पाया पडते आणि अक्षरशः तेच वाक्य बोलते: "प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता." पण ती रडत असते. तिला तो काहीच समजावत नाही. एवढंच विचारतो, "त्याला कुठे ठेवलंय?" आणि पुढचं वचन मराठीत अवघ्या दोन शब्दांचं आहे: "येशू रडला."

थोड्याच वेळात लाजर कबरेतून बाहेर येणार आहे. त्याला बाहेर बोलावणारा हाच. शेवट त्याच्याइतका पक्का दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता. तरी रडला. त्याच्या आधी जो मूळ ग्रीक शब्द आलाय, तो आपल्या भाषांतरांत "व्याकूळ झाला" वगैरे होतो, पण त्यात संतापाचीही छटा आहे, रागाने धुसफुसावं तशी. मित्राच्या कबरेसमोर तो मरणावर चिडलेला आहे. मी सेमिनरीत हा धडा शिकलो, परीक्षेतही लिहिला. समजला मात्र पुष्कळ उशिरा. वाक्य एकच, तरी जिला बोलायचं होतं तिच्याशी तो बोलला आणि जी रडत होती तिच्यासोबत रडला.

तुम्हाला कुणीतरी बायबलमधलं दुसरं एक वचन सांगेल, कारण ते आमच्यातलेच लोक चुकीचं वापरतात. पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही शोक करू नये. अनेकजण अर्धंच ऐकतात, "शोक करू नये." पण तो शोक बंद करायला सांगत नाही, आशा सुटल्यासारखा शोक करू नका एवढंच सांगतो. आणि हाच पौल फिलिप्पैच्या पत्रात लिहितो की मला मरणं हा लाभ आहे, इथून निघून ख्रिस्ताजवळ जावं असं वाटतं. त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल लिहितो: तो मरणाच्या दारात होता, पण देवाने त्याच्यावर दया केली, माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे स्वतःचं मरण लाभाचं वाटणाऱ्याला मित्राचं मरण दुःखाचं वाटत होतं, आणि दोन्ही एकाच पत्रात लिहिताना त्याला संकोच वाटला नाही.

तुमचा प्रश्न जसाच्या तसा १६०० वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाला पडला होता. संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली, ५६व्या वर्षी. त्याने स्वतः तिचे डोळे मिटले. त्याचा कोवळा मुलगा हंबरडा फोडायला लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. का? तर तुम्ही म्हणता तेच कारण: ती देवाजवळ गेलीय, मग रडणं शोभत नाही. ऑगस्टिन दिवसभर कोरड्या डोळ्यांनी वावरला, पुरताना रडला नाही, आंघोळीने मन हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून आंघोळ करून आला. काही हलकं झालं नाही. झोपून उठल्यावर, एकांतात, बांध फुटला आणि पोटभर रडला. पुढे आत्मकथनात त्याने हे सगळं लिहून ठेवलं. एवढा मोठा पंडित, पण त्या कोरड्या डोळ्यांच्या दिवसाची त्याने फुशारकी मारलेली नाही. आमच्या धर्मसभेने, म्हणजे चर्चने, त्याला तिच्या सर्वांत थोर गुरूंमध्ये बसवलंय, रडला म्हणून कुणी त्याची श्रद्धा मोजली नाही.

गोव्यात राहता, तर एकदा गुड फ्रायडेला आमच्या गावात या. पुढे दोन दिवसांनी ईस्टर आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं, घरोघर सामानाच्या याद्या झालेल्या असतात. तरी त्या दिवशी चर्चच्या घंटा वाजत नाहीत, लाकडी मात्राकीचा खडखडाट तेवढा. वेदी उघडी, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवतात, माणसाचं प्रेत उतरवावं तशी, हलक्या हातांनी, आणि गावातून मिरवणूक निघते. मागे काळ्या वस्त्रातली दुःखी सायबीण, म्हणजे मरिया माता. म्हाताऱ्या बायका खरोखर रडतात. यांना रविवार माहीत नाही म्हणून त्या रडतात का? रविवार माहीत आहे म्हणून शुक्रवार गाळायचा नाही, असं आम्हाला दरवर्षी शिकवलं जातं. तुमची मैत्रीण सध्या तिच्या शुक्रवारात आहे.

आता तुमच्या वाक्याचे दोन तुकडे वेगवेगळे बघू. "ती स्वर्गात आहे" हे तुम्ही मायेने म्हणालात, यात शंका नाही. पण गंमत अशी की एवढ्या खात्रीने ते आमची धर्मसभाही म्हणत नाही. अमुक व्यक्ती स्वर्गात आहे असं रोम अधिकृतपणे म्हणतं ते फक्त संतांबद्दल. बाणावलीत जन्मलेले सेंट जुझे वाझ १७११ साली श्रीलंकेत कँडीला वारले, त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते २०१५ साली. बाकी आपल्यासारख्यांसाठी धर्मसभा प्रार्थना करत राहते. आमची श्रद्धा अशी की बहुतेक माणसांना देवासमोर जाण्याआधी शुद्ध व्हावं लागतं, आणि त्या वाटेवर मागे राहिलेल्यांची प्रार्थना त्यांना मदत करते. म्हणून सातव्या दिवसाचं मीस (कोंकणीत मिस्सेला मीस म्हणतात), महिन्याचं मीस, वर्षाचं मीस, दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस. म्हणून सात-आठ संध्याकाळी शेजारीपाजारी जमून घरात तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होतो. लग्नाच्या आधी बऱ्याच घरांत अजून भिकाऱ्यांना जेवण घालतात, तेही घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने. तुमच्याकडे नांदीश्राद्ध असतं ना, त्याच्या जवळ जाणारं. गेलेल्या माणसाशी आमचा व्यवहार संपत नाही. तुमच्या मैत्रिणीला आईसाठी अजून काहीतरी करायचंय. "ती पोहोचली, आता रडू नकोस" म्हटलं की तिच्या हातातलं ते काम काढून घेतल्यासारखं होतं.

पण माझा अंदाज विचाराल, तर तिला लागला असेल तो दुसरा तुकडा. "सुटली."

दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्यांनी केली त्यांच्याशी मी खूप बोललोय. सकाळच्या गोळ्या, पेज गाळून भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीही. माणूस गेल्यावर महिनाभर या बायका रात्री दोनला आपोआप जाग्या होतात. उठतात, चार पावलं चालतात, मग आठवतं. एक बाई मला म्हणाल्या, "हाताला काम नाही, पण हात उठतात." आणि या सगळ्याखाली एक गोष्ट दडलेली असते, ती बहुतेकजणी कबुलीजबाबात, म्हणजे पाद्रीजवळ पापं कबूल करताना, तिथंही कुजबुजत सांगतात: कधीतरी, फार थकल्यावर, मनात आलं होतं की देवा, आता ने तिला. नंतर ती खरंच जाते. मग कुणीतरी चारचौघांत म्हणतं, "सुटली." ऐकणारीला वाटतं, माझ्या मनातलं हिला कळलं की काय. कोण सुटली, ती की मी? तुमच्या मैत्रिणीच्या मनात हेच होतं असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांच्या सेवेनंतर हा शब्द फार जपून वापरायचा असतो, किंवा तिने स्वतः वापरला तरच आपण मान हलवायची.

ही चूक मी तुमच्यापेक्षा वाईट रीतीने केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. मी नवा होतो, दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं. गावातला एक तारवटी, बोटीवर काम करणारा, समुद्रात असतानाच हृदय बंद पडून गेला. मृतदेह घरी यायला तीन आठवडे लागले, आणि आला तो बंद पेटीत. बायको चौतिशीची, दोन मुलं. मी समोर बसून, पाठ केल्यासारखं म्हणालो की देवाने त्याला आपल्या घरी नेलंय, तिथं तो सुखात आहे. तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ह्या घरांत ताका सूख नाशिल्लें, पाद्री?" या घरात त्याला सुख नव्हतं का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, आजही मी त्यावर विश्वास ठेवतो. पण मी ते तिच्या रडण्यावर झाकण म्हणून ठेवलं होतं, आणि तिला ते कळलं. तिने पूर्ण वर्षभर लूत पाळली, काळे कपडे. मिस्सेला यायची, मागच्या बाकावर बसायची, पण माझ्याशी बोलायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसरा प्रसंग अलीकडचा. गावात एक निवृत्त सुतार, वय ७८. त्याच्यासारखी साधी, घट्ट श्रद्धा मी फार थोड्यांत पाहिली. नवराबायको रोज संध्याकाळी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून तेर्स म्हणायचे. तेर्साची रीत तुम्हाला माहीत नसेल, सांगतो. "नमान मोरिये" ही प्रार्थना पन्नास वेळा म्हणायची असते आणि ती दोन आवाजांत होते. एकजण पहिला अर्धा भाग म्हणतो, दुसरा उरलेला. पहिला अर्धा याचा. दुसरा, "भागेवंत मोरिये, देवाचे माये, आमां पापियां खातीर विनंती कर, आतां आनी आमच्या मोरणाच्या वेळार" हा तिचा. सत्तेचाळीस वर्षं, रोज पन्नास वेळा, त्या बाईने आपल्या मरणाच्या वेळेचं नाव घेतलं होतं. मरण त्या घरात अचानक आलेला पाहुणा नव्हता.

ती गेल्यावर दहाएक दिवसांनी मी संध्याकाळी सहज त्यांच्या वाटेने गेलो. म्हातारा बलकांवात एकटा, हातात माळ. पहिला अर्धा भाग मोठ्याने म्हणायचा आणि थांबायचा. तेवढाच वेळ, जेवढा तिला लागायचा. मग पुढचा मणी. मी फाटकातच उभा राहिलो. चार-पाच मणी झाले तेव्हा त्याने मला पाहिलं. मी म्हटलं, बाबा, दुसरा भाग तुम्हीच म्हणा ना. तो म्हणाला, "तो तिचो." मग थोड्या वेळाने, जणू माझ्या पुढच्या वाक्याला आधीच उत्तर देत, म्हणाला, "ती खंय आसा तें म्हाका खबर आसा, पाद्री. पूण ती हांगा ना."

ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण ती इथं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही. श्रद्धा त्याला "कुठे आहे" ते सांगते. "इथं नाही" हे मात्र श्रद्धेने मिटत नाही, आणि रोज संध्याकाळी पन्नास वेळा त्याला ते ऐकू येत होतं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि विचारलं, मी म्हणू का दुसरा भाग? त्याने बराच वेळ विचार केला आणि हो म्हणाला. पहिल्या दहा मण्यांना तो रडत होता, माझाही आवाज ठिकाणावर नव्हता. पण तेर्स पूर्ण झाला.

आता तुमचं. माफी मागायचा मोठा समारंभ नको. तीन आठवडे झालेत म्हणजे येत्या आठवड्यात महिन्याचं मीस असेल. तिला विचारा, "आईचं मीस कधी आहे? मी येऊ का?" आणि जा. हिंदू माणूस मागच्या बाकावर बसला तर कुणाला काही वाटत नाही, गोव्यात तर नाहीच. सगळे उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. फक्त ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत जाऊ नका, तो आमच्यात बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो. मीस झाल्यावर चर्चच्या अंगणात घरचे लोक उभे असतात, तिथं तिला भेटा.

भेटल्यावर काय बोलायचं? मनापासून वाटत असेल तर सरळ सांगा, "त्या दिवशी मी रडू नकोस म्हणाले, तसं म्हणायला नको होतं." एवढं एक वाक्य पुरे, त्याला स्पष्टीकरण जोडू नका. मग तिच्या आईबद्दल काहीतरी विचारा, आणि अंथरुणावरच्या दोन वर्षांच्या आधीचं विचारा. आजारपणाची दोन वर्षं आधीची एकोणऐंशी वर्षं झाकून टाकतात. आई कशी हसायची, नाताळात घरात कोणता पदार्थ तिच्याच हातचा लागायचा, कुणावर चिडायची. गेलेल्या माणसाचं नाव लोक घ्यायचं टाळतात, मुलांना ते फार लागतं. बायबलमध्ये याफो गावची दुर्कस नावाची एक बाई मरते. तिथं जमलेल्या विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवतात. बघा, हे तिने शिवलं, हेही तिनेच. तुमच्या मैत्रिणीजवळही दाखवण्यासारखं काहीतरी असेल. तुम्ही ते बघायला बसा.

रडली तर रडू द्या. रुमालही लगेच पुढे करू नका. मी हे शिकायला खूप वर्षं लावली, पण घाईने पुढे केलेला रुमाल म्हणजे "आता पुरे" असंच असतं. तिने मागितला की द्या. स्वर्गाचा विषय तिने काढला तर ऐका, तुम्ही काढू नका. तो तिचा आहे, हवा तेव्हा ती काढेल.

एक सावधगिरी मात्र ठेवा. शोकाला ठराविक मुदत नसते. डॉक्टर साधारण सहा महिने ते वर्ष अशी खूण धरतात, त्यानंतरही रोजचं जगणं अडून राहिलं तर मदत लागते. पण मुदतीची वाट न बघता काही गोष्टींकडे लक्ष द्या: जेवण तुटणं, झोप पूर्ण उडणं, शाळेत येणं बंद होणं. आणि श्रद्धाळू माणसाच्या तोंडून "मलाही आईकडे जायचंय" हे ऐकू आलं, तर ते भक्तीचं वाक्य समजून सोडून देऊ नका. शांतपणे, सरळ विचारा की तुला मरावंसं वाटतंय का. विचारल्याने कुणी मरत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येतं, बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. गरज पडली तर तिच्यासोबत तुम्ही जा. "पाद्रीशी बोल" एवढ्यावर तिला धाडू नका. मी सांगतो, आम्ही पाद्री डॉक्टर नाही.

सुताराबद्दल राहिलं. माझी बदली झाली तेव्हा मला त्याची काळजी होती. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसाला, मी त्या गावी गेलो. सिमितेरीत तो बायकोच्या थडग्यापाशी उभा होता, मेणबत्त्या लावून. शेजारच्या घरातली सहावीतली पोरगी सोबत होती. त्याने पहिला अर्धा भाग म्हटला, पोरीने दुसरा. मधेच तो थांबला, डोळे पुसले, पोरगी मणी धरून त्याची वाट बघत उभी राहिली, आणि मग त्याने पुढचा सुरू केला.